मान किती वेळा वर गेली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाचे पाच विद्यार्थी. एका कलासंग्रहालयाने चित्रांच्या एका दालनात सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी खेळकर उपक्रम तयार करायला सांगितलाय. एका वेळी पंधरा मुलं, पाऊण तास, हातात सहा आठवडे. तुमच्याकडे तीन कल्पना आहेत: मुखवटे बनवणं, कागदावरच्या प्रश्नांची उत्तरं शोधत फिरायचा 'खजिना-शोध', आणि एखाद्या प्रसिद्ध चित्राची नुसती बाह्यरेषा छापून ती रंगवायला देणं. यातली कोणती निवडावी, साहित्य काय घ्यावं, आणि उपक्रम जमला हे परीक्षकांना कसं पटवावं, असं तुम्ही विचारलंय.

तिन्ही बाजूला ठेवा. वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गटाच्या पहिल्या कागदावर हीच तीन नावं असतात, आणि या कामात नवी होते तेव्हा माझ्याही होती.

कल्पना चाळायची माझी एक पद्धत आहे. दालनातल्या सगळ्या चित्रांवर चादरी टाकल्यात असं डोळ्यांसमोर आणा. तुमचा उपक्रम तरीही सुरळीत चालतोय? मग तो या दालनात कशाला हवा? बाह्यरेषा रंगवणं घरी जेवणाच्या टेबलावरही होतं. मुखवटे वर्गात बनतात. दोन्ही करताना मूल मजेत असेल, पण भिंतीवर काय आहे याच्याशी त्या मजेचा काही संबंध नाही.

खजिना-शोध या चाचणीत वरवर पास होतो, म्हणून तो जास्त फसवा. त्यात मी स्वतः तोंडावर आपटलेय. बारा प्रश्नांची सुंदर छापलेली घडीपत्रिका केली होती. 'निळी टोपी घातलेला माणूस शोधा', 'कोणत्या चित्रात कुत्रा आहे', 'हे चित्र कोणत्या साली काढलं' वगैरे. सुट्टीतला दिवस, वीसेक मुलं. पाच मिनिटांत दालनात पळापळ. एक नऊ वर्षांचा मुलगा सगळ्यांत आधी माझ्यासमोर येऊन उभा राहिला, बारापैकी अकरा उत्तरं बरोबर. मी विचारलं, "कुत्र्याचं चित्र आवडलं का?" तो म्हणाला, "कुठलं?" त्याने उत्तर चित्राखालच्या पट्टीवरून घेतलं होतं. शीर्षकातच 'कुत्रा' हा शब्द होता. चित्राकडे त्याने मान वर करून बघितलंच नव्हतं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. मी त्याला वाचायला आणि धावायला सांगितलं होतं, त्याने ते चोख केलं.

त्या दिवसापासून मी माना मोजते. शब्दशः. उपक्रम चालू असताना एक मूल निवडायचं, आणि त्याची नजर हातातल्या वस्तूवरून उठून चित्राकडे किती वेळा गेली, एवढ्याच रेघा मारायच्या. दुसरं काहीही लिहायचं नाही. तुमचा उपक्रम कसा आहे ते या एका आकड्यातून जितकं कळतं तितकं 'मजा आली का?' असं विचारून कधीच कळत नाही. मोठ्यांनी काही विचारलं की मुलं 'हो'च म्हणतात.

मोठी माणसं तरी कुठे फार बघतात म्हणा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफ्री आणि लिसा स्मिथ या दोन संशोधकांनी १५० प्रेक्षकांची वेळ लावली होती. २००१ साली ते निष्कर्ष छापून आले. नावाजलेल्या कलाकृतींसमोर लोक सरासरी २७ सेकंद थांबत होते, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंद किंवा त्याहूनही कमी. त्यात शेजारची पट्टी वाचण्याचा वेळही आला. तेव्हा 'मुलांचं लक्ष टिकत नाही' हे वाक्य तुमच्या अहवालातून आजच काढून टाका. बघायला काही कारण असेल तर सात वर्षांचं मूल एका चित्रासमोर दहा मिनिटं सहज रमतं. ते कारण तयार करणं हे तुमचं काम.

सुरुवात लॅपटॉपवर करू नका. दालनात जा आणि गुडघ्यांवर चाला. पाचही जणांनी. लोक बघतील, बघू द्या. चित्रं साधारणपणे अशी टांगलेली असतात की त्यांचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास येतो, म्हणजे उभ्या प्रौढाच्या डोळ्यांसमोर. सहा-सात वर्षांच्या मुलाचे डोळे त्याच्या अर्धा मीटर खाली असतात. तिथून काही चित्रांवर दिव्याची अशी तिरीप पडते की वरचा भाग नुसता पांढरा दिसतो. उभं राहून हे कधीच लक्षात येत नाही. माझ्या एका गटाने तीन आठवडे ज्या चित्राभोवती खेळ रचला होता, ते चित्र मुलांच्या उंचीवरून काचेतल्या दिव्यांच्या प्रतिबिंबाखेरीज काही दाखवतच नव्हतं. अडीच पावलं डावीकडे बैठक सरकवली आणि प्रश्न सुटला, पण तो कळला पहिल्या चाचणीच्या दिवशी.

दुसरी गोष्ट, दालनातल्या सुरक्षारक्षकाशी बोला. दिवसभर तिथे तोच उभा असतो. मुलं कुठे आपणहून थांबतात, कशाकडे बोट दाखवतात, कशाला हात लावायला धावतात, हे त्याला तोंडपाठ असतं. क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा जाणकार, तुम्हाला चित्राचं महत्त्व सांगेल. मुलं कुठल्या चित्राला हसतात ते रक्षक सांगेल. खेळासाठी चित्र निवडताना मला दुसरी माहिती जास्त उपयोगी पडलीय.

आता खेळाकडे. नुसतं वर्णन करण्यापेक्षा एक खेळ जवळून दाखवते, कारण चुका त्यात जास्त नीट दिसतात.

एका विद्यार्थिगटाने कापडी पिशवी केली. आत स्पंज, पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा, नायलॉनची जाळी, दोरीची घट्ट गाठ, मोठं गुळगुळीत बटण. मुलांनी जोडीने यायचं, न बघता हात घालून एक वस्तू काढायची, आणि 'ही वस्तू कुठल्या चित्रात राहते?' ते ठरवायचं. नियम एवढाच. एका मुलीच्या हाती गाठ आली. आम्हा सगळ्यांची अपेक्षा, ती समुद्रातल्या जहाजाकडे जाईल, दोरखंड वगैरे. ती गेली एका म्हाताऱ्याच्या व्यक्तिचित्रासमोर. जोडीदार म्हणाला, "इथे दोरी कुठंय?" ती म्हणाली, "त्याचे हात बघ ना." मांडीवर बोटं एकमेकांत अडकवून बसलेला माणूस. जोडीदाराने बघितलं, मग गाठीकडे, मग पुन्हा हातांकडे, आणि म्हणाला, "पण चेहरा तर बटणासारखाय." झालं, दोघं भांडायला लागली. त्या चार मिनिटांत मुलीची मान सोळा वेळा वर गेली. ते व्यक्तिचित्र मी कित्येक वर्षं बघत होते. त्याच्या बोटांकडे माझंही लक्ष त्या दिवशी पहिल्यांदा गेलं.

या खेळात खरी ताकद कुठे आहे ते नीट बघा. 'कुत्रा शोधा' याचं एक बरोबर उत्तर आहे, ते मिळालं की बघणं संपतं. 'ही वस्तू कुठे राहते' याचं उत्तर मुलाने स्वतः ठरवायचंय, आणि ठरवलेलं दुसऱ्याला पटवायचंय. पटवायला पुरावा लागतो. पुरावा फक्त चित्रात आहे. म्हणून मान वर जाते.

ॲबिगेल हाउझन आणि फिलिप येनवाइन यांनी चित्रांवर गटात बोलण्याची एक पद्धत बसवली, ती जगभरच्या संग्रहालयांत वापरतात. तिच्यात तीन प्रश्न आहेत. या चित्रात काय चाललंय? असं म्हणायला तुला चित्रात काय दिसलं? अजून काय सापडतंय? बहुतेक विद्यार्थी पहिला प्रश्न उचलतात, कारण तो बोलका आहे. मी म्हणेन मधला उचला. पण तो प्रश्न म्हणून विचारत बसू नका. पुन्हा पुन्हा विचारला की मुलांना तोंडी परीक्षेचा वास येतो. तो खेळाच्या नियमातच पुरा. पिशवीच्या खेळात 'कशावरून?' आम्ही एकदाही विचारलं नाही, जोडीदाराने विचारलं. म्हणून जोडी हवी. एकेकटं मूल गप्प राहतं, पाचांच्या टोळीत दोघंच बोलतात.

आता त्याच खेळातली चूक. हाताला चव लागली की हात भिंतीकडे जातो. पहिल्या चाचणीत तीन मुलं थेट चित्राला बोट लावायला निघाली, रक्षकाने वेळेवर अडवलं. आपणच दहा मिनिटं त्यांना स्पर्शाची गोडी लावली आणि मग 'हात लावू नका' म्हणालो, हा अन्यायच झाला. बोटांवरचा घाम आणि तेल रंगावर, धातूवर, कागदावर राहतं आणि हळूहळू खात जातं, हे मुलांना सांगितलं तर समजतंही, पण खेळाच्या भरात आठवत नाही. उपाय सोपा निघाला. पिशवी एका बैठकीला बांधून टाकली आणि बैठक चित्रापासून दोन मीटरवर ठेवली. वस्तू बसूनच हातात धरायची, चित्र लांबूनच बघायचं. सूचना एकही वाढवली नाही. खेळाच्या मांडणीने जे साधतं त्यासाठी नियम करू नका, हे मी त्यातून शिकले.

गर्दीची चित्रं मिळाली तर तुमचं नशीब. पीटर ब्रूगेल थोरला या जुन्या फ्लेमिश चित्रकाराचं 'मुलांचे खेळ' हे १५६० सालचं चित्र व्हिएन्नात आहे. आंतरजालावर ते अगदी बारकाव्यांसकट बघता येतं, सरावासाठी घ्याच. दोनशेहून जास्त मुलं, ऐंशीच्या आसपास खेळ: बेडूकउडी, आंधळी कोशिंबीर, उंच काठ्यांवर चालणं, चाक पळवणं, पिंपावर बसून घोडा-घोडा. छापील प्रतीवर मी एक साधा खेळ घेते. कागदाच्या सुरळीतून बघायचं, एका मुलावर थांबायचं, आणि त्याच्यासारखं होऊन गोठायचं. जोडीदाराने चित्रातलं ते मूल शोधायचं. गोठलेल्याची कोपराची दिशा चुकली की शोधणारा भलतीकडे जातो, मग गोठलेला पुन्हा चित्राकडे बघून स्वतःला दुरुस्त करतो. अंगाने बघणं म्हणजे काय, ते इथे समजतं. सुरळीचं काम फक्त गर्दी कापण्याचं. आणि एक गंमत, एखादं मूल हमखास म्हणतं की यातली कुणीच हसत नाहीयेत. खरंच, ब्रूगेलची मुलं भारी गंभीर चेहऱ्याने खेळतात.

सूचनांबद्दल. एका श्वासात सांगता येईल एवढी एकच सूचना द्या. तिला 'आणि त्यानंतर' जोडावं लागलं तर खेळ अजून शिजलेला नाही. तयार नमुना दाखवू नका. तुम्ही डिझाइनची मुलं, तुमचा नमुना देखणा असणार, आणि तो टेबलावर आला की पंधरा मुलं पंधरा वाईट नकला करतात, वर 'माझं तसं झालं नाही' म्हणून रडवेली होतात. ब्रूनो मुनारी हा इटालियन कलाकार-डिझाइनर. त्याने १९७७ साली मिलानच्या ब्रेरा चित्रसंग्रहालयात मुलांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. त्याचा भर होता कृती दाखवण्यावर: कागद असा फाटतो, असा चुरगळतो, ब्रश असा आडवाही ओढता येतो. त्यातून काय करायचं ते मुलांचं. ही रीत अजून जुनी झालेली नाही. साधन कसं वागतं ते दाखवा आणि मागे सरका.

मागे सरकणं पालकांनाही शिकवावं लागतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये व्हिक्टर डी'ॲमिको यांनी १९४२ पासून मुलांचा कला-मेळा भरवला. तिथे त्यांनी पालकांना आत घेतलंच नाही. तुम्हाला एवढं करता येणार नाही, बहुधा करूही नये. पण मोठ्यांच्या हाताला काहीतरी काम द्या. मी त्यांना शांतपणे पाटी-पेन्सिल देते आणि 'तुमच्या मुलाचं एक वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या' म्हणते. वाक्य पकडायचं म्हणजे ऐकावं लागतं, आणि ऐकताना हात आपोआप मुलाच्या कागदावरून निघतो.

साहित्याची यादी संग्रहालयाला आधी दाखवा, लेखी. दालनात पेन्सिल चालते. शाई, पाणी, डिंक, कात्री, ब्लेड चालत नाही. पेन्सिलीला टोक आधीच करून न्या. चमकी आणू नका, ती पुढचे सहा महिने प्रत्येक काचपेटीत सापडत राहते. कोलाजसाठी धान्य, बिया, सुकी पानं हे विद्यार्थ्यांचं फार लाडकं असतं, पण त्यातून कीड येते, आणि कापड, लाकूड, कागद ठेवलेल्या इमारतीत कीड म्हणजे संवर्धकाची, कलाकृती जपणाऱ्या तज्ज्ञाची, झोप उडणं. आमच्या त्या पिशवीत आधी सँडपेपर आणि लोकरही होती. संवर्धकाने दोन्ही काढून टाकली: एक खरवडतं म्हणून, दुसरीत किडे येतात म्हणून. मुलं हिरमुसली, मोठी मुलं, म्हणजे माझे विद्यार्थी. पण त्या जागी आलेल्या जाळीने आणि पुठ्ठ्याने खेळ बिघडला नाही. रेखाटनं, जलरंग किंवा जुनी कापडं असलेल्या दालनात उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास मंद ठेवलेला असतो. तिथे बारीक अक्षरांची पत्रिका मुलांना वाचताच येत नाही. आणखी एक कारण, कागदाऐवजी तोंडी खेळाचं.

स्टिकरचा मोह सगळ्यांना होतो, कारण यायोई कुसामा या जपानी कलाकाराची 'ऑब्लिटरेशन रूम' सगळ्यांनी पाहिलेली असते, निदान फोनवर. २००२ साली ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत पहिल्यांदा मांडलेली ती पूर्ण पांढरी खोली, फर्निचरसकट पांढरी, आणि मुलांच्या हाती रंगीत गोल टिकल्या. कल्पना अफलातूनच. पण तिथे खोली हीच कलाकृती आहे आणि ती टिकल्यांसाठीच बांधलेली आहे. तुमच्या दालनात टिकल्या दिल्या तर पंधरावी टिकली शिल्पाच्या पायावर सापडेल.

चाचण्या लवकर आणि वाईट कागदावर करा. दुसऱ्याच आठवड्यात, जुन्या वर्तमानपत्रावर, तीन मुलांसोबत. छपाई नको, लोगो नको, नाव नको. गुळगुळीत छापलेल्या वस्तूवर तुमचा जीव जडतो, मग चुकीचा खेळ टाकवत नाही. मग आठ मुलं, मग पूर्ण पंधरा. संख्या वाढली की खेळ बदलतो: तिघांत जो नियम ऐकू येतो तो पंधरांत विरून जातो. प्रत्येक वेळी एकाने खेळ घ्यायचा, एकाने माना मोजायच्या, एकाने मुलांची वाक्यं जशी आली तशी उतरवायची. मोजणाऱ्याने मदत करायची नाही. मूल अडलं तरी तोंड उघडायचं नाही, ते कुठे अडलं हीच तर तुमची माहिती. हे सगळ्यांत अवघड काम आहे, त्यासाठी गटातला सर्वांत गप्प सदस्य निवडा. मुलांचे फोटो काढायचे असतील तर पालकांची लेखी परवानगी आधी, आणि एकट्या मुलासोबत तुमच्यातलं कुणीही एकटं राहायचं नाही, स्वच्छतागृहापर्यंत सोडायलाही नाही.

बक्षीस आणि घड्याळ दोन्ही नको. स्पर्धा आली की वेग आला, आणि काचपेट्यांच्या मधून वेग म्हणजे काय ते सांगायला नको. टॅबलेटबद्दलही विचारतात. माझा अनुभव असा की पडदा आणि चित्र शेजारी ठेवले तर पडदा जिंकतो. ज्या मुलाला दृष्टी कमी आहे त्याला चित्राचा तपशील मोठा करून दाखवायला मात्र तो उत्तम, तिथे खुशाल वापरा.

परीक्षकांचा प्रश्न शेवटी, तुम्हीही तो शेवटीच विचारलात. त्यांना मुलांनी केलेल्या वस्तूंची मांडणी आवडते, हे मला ठाऊक आहे, मीही परीक्षक म्हणून बसते. पिशवीच्या खेळात दाखवण्यासारखी वस्तूच तयार होत नाही, म्हणून त्या गटाच्या पोटात गोळा आला होता. त्यांनी मग तिन्ही चाचण्यांचे रेघांचे कागद तसेच भिंतीला लावले. पहिल्यात एका मुलामागे दोन-तीन रेघा, मध्ये सहा-सात, शेवटी दहाच्या पुढे. प्रत्येक कागदाखाली त्या चाचणीनंतर काय बदललं ते एका ओळीत: 'सूचना तीनवरून एकवर आणली', 'पिशवी बैठकीला बांधली'. शेजारी मुलांची आठ-दहा वाक्यं, शुद्धलेखन न सुधारता. सोबत टेबलावर ती पिशवी. एका परीक्षकाने बोलता बोलता हात आत घातला, बटण बाहेर काढलं, आणि सादरीकरण अर्धवट सोडून भिंतीवरच्या छापील चित्रांसमोर जाऊन उभे राहिले. मागे बसलेल्या, गटातल्याच एका मुलीने वहीत रेघ मारली.